वाळवंटात उभं जहाज

जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातल्या लीलाधरांनी चाळीस वर्षं होडी चालवली. आता होडी विकली, मुलगा प्रीतम तेलाच्या टँकरवर, आणि लीलाधरांच्या हातात दिवसभर सुनेचा, रीमाचा मोबाइल. त्यातल्या नकाशावर एक लाल बाण होता. बाण म्हणजे प्रीतमचं जहाज. लीलाधर त्याच्याकडे असे टक लावून बसत, जणू नजर हटली तर तो बुडेल.

आखातात लढाई पेटल्यापासून गावभर सगळेच तेलतज्ज्ञ झाले होते. लीलाधरांची बायको शालू जेसल पार्कच्या बाजारात मासळी विकायची. पेट्रोल कितीवर जाईल, ते गिऱ्हाइकं तिलाच विचारत. जणू तेलाच्या जहाजांची होर्मुझची सामुद्रधुनी तिच्या टोपलीखालूनच जात होती. शालू हसून पापलेट कापून द्यायची.

मंगळवारी सकाळी, ती बाजाराला गेल्यावर, बाण हलला. समुद्र सोडून सरळ वाळवंटात जाऊन उभा राहिला.

रीमाने समजावलं, की लढाईत उपग्रहाचे सिग्नल मुद्दाम बिघडवतात, मग जहाजं भलतीकडे दिसतात. खलाशांच्या घरच्यांच्या ग्रुपवर सगळ्यांचीच जहाजं वाळूत उभी आहेत. लीलाधरांच्या डोक्यात ते शिरेना. कोळ्याच्या लेखी होडी नको तिथे जमिनीवर दिसली, म्हणजे ती फुटली. पुढे फक्त माणसं मोजायची. त्यांनी सकाळचा चहा घेतला नाही, दुपारी भाताला हात लावला नाही.

तीनला प्रीतमचा फोन आला. रीमाने तो स्पीकरवर लावला. जहाज नांगरून उभं होतं. उद्या सामुद्रधुनीतून निघायचं, तेही जहाजाचा ठावठिकाणा कळवणारं यंत्र बंद करून; म्हणजे बाण नकाशावरून गायबच होणार.

"खाली पानी किती हाय?" लीलाधरांनी विचारलं. "शिसं सोडून बघ."

दोरीला शिसं बांधून पाणी मोजायचे दिवस गेले, इथे मशीन सांगते, म्हणत प्रीतम हसला. मग त्याने आवाज खाली आणला.

"बाबा, तुला कधी भीती वाटली?"

हे त्यांना शालूनेही कधी विचारलं नव्हतं.

"रोज," लीलाधर म्हणाले. "पन घरी सांगायची न्हाय."

"मग आयेला सांगू नको," प्रीतम म्हणाला, आणि फोन कटला.

शालू टोपली उतरवत दारात उभी होती. काय म्हणतो पोरगा, तिने विचारलं.

"जेवलो म्हनला," लीलाधर म्हणाले. रीमा मान खाली घालून आत गेली.