कच्चं राहिलेलं सिमेंट

दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर वर्गात मला प्रबंधासाठी विषय मिळाला तो असा: दात भरायचं सिमेंट निळ्या दिव्यानं कडक करतात, त्याचा प्रकाश कसा दिला तर सिमेंटमधून फ्लोराइड किती सुटतं. फ्लोराइड कीड रोखतं, म्हणून ते सुटलेलं चांगलंच. मी बटणाएवढ्या चकत्यांचे तीन गट केले. पहिल्याला सुरुवातीपासून पूर्ण प्रकाश, दुसऱ्याला थांबत थांबत, तिसऱ्याला मंदापासून वाढवत नेलेला. चकत्या शुद्ध पाण्यात बुडवल्या आणि त्या पाण्यातलं फ्लोराइड रोज मोजलं.

तिसरा गट चांगलाच पुढं गेला. आमच्या घरात कॉलेज बघितलेला मीच पहिला. छाती फुगायला एवढं पुरे होतं. रविवारी शिरोळला जाऊन वडिलांना सांगितलं. ते गुऱ्हाळावर गुळव्या, म्हणजे काहिलीतला पाक कधी उतरायचा ते ठरवणारा माणूस.

"लई पाझरतंय म्हणतोस?"

"व्हय."

"मग कच्चं ऱ्हायलंय ते. पाक कच्चा उतरला की ढेपंला पाणी सुटतंय."

"आबा, हे शास्त्र हाय."

"आन् आमचं काय भजन हाय व्हय?"

आई हसली. मला राग आला, पण ते 'कच्चं' डोक्यातून जाईना.

सोमवारी दिवा हातात घेतला. पहिले दोन गट केले तो दिवा दुरुस्तीला गेलेला, म्हणून तिसऱ्यासाठी मी ओपीडीतला हा आणला होता. पेशंट बदलला की आम्ही दिव्याच्या टोकावरचं पातळ प्लास्टिक बदलतो. खालची काच कोण बघतंय? प्लास्टिक काढलं, तर काचेवर वाळल्या सिमेंटचा पापुद्रा. प्रकाश मोजायच्या मीटरवर धरला, तर निम्माच.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. मार्गदर्शक मॅडमना सांगितलं.

"मीटर आधी का नाही धरला?"

"चुकलं, मॅडम."

"तिन्ही गट पुन्हा करायचे. एकाच दिव्याखाली. मुदत वाढणार नाही."

केले. दिवाळीला घरी गेलो नाही. या वेळी तिन्ही गट जवळपास सारखेच निघाले, मिरवण्यासारखं काही उरलं नाही. आधीचे आकडे का टाकले, तेही प्रबंधात लिहिलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. "दिव्याचा संशय कसा आला?"

"वडील गुळव्या आहेत, सर," म्हणालो, आणि ढेपेचं सगळं सांगितलं.