कमलच्या चटणीतलं मीठ

ये गं मंगल, जवळ बस. पुण्यात बसून हे पत्र वाचतेस, तरी जवळच बस. तुझी आई जाऊन दीड महिना झाला, तेराव्यानंतर तू फिरकली नाहीस. असं करतात का गं? पण मला कुणावर रागवायचा हक्क उरलेला नाही. का, ते सांगते.

कमल माझी धाकटी जाऊ. उखळात शेंगाची चटणी कुटायची, चिमूटभर स्वतःच्या जिभेवर ठेवायची आणि मगच बरणी भरायची. गेल्या वर्षी मात्र ती चिमूट माझ्या तळहातावर यायला लागली.

"आक्का, मीठ बरोबर हाय का?" एकदा, दोनदा, चारदा...

"बया, जन्म गेला चटणी कुटण्यात, आता परीक्षा हाय व्हय तुझी?" मी हसायची. तीही हसायची.

पुढं तिची झोप उडाली, म्हणून इथल्या नवी पेठेतल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी प्रश्नांचा कागद दिला. काळजीचे प्रश्न वेगळे, उदासीचे वेगळे. झोप दोन्हींत उडते, म्हणून आधी दुखणं कोणतं ते बघायचं. "एकेक वाचून दाखवा, त्या सांगतील तशी खूण करा," असं त्यांनी बजावलं होतं. कमलला अक्षर ठाऊक नव्हतं. मी दुकानांच्या पाट्या बघत वाचायला शिकलेली. चार माणसांत कागद हाती आला आणि फुशारले. सारखी शंका येते? रोज येते, मिठाचंच बघा की! पटापट खुणा केल्या. 'कशातच गोडी वाटत नाही' इथं बोट थांबलं, तर कमल वाकून म्हणाली, "आक्का, तितं काय विचारलंय?"

"काय न्हाय गं, तुला लागू न्हाय त्ये." आणि मी 'कधीच नाही'वर खूण केली.

त्या कागदावरून काळजीचं औषध सुरू झालं. साखर वाढून ती गेली, आणि मग उशीच्या अभ्र्यात तिच्या मधुमेहाच्या गोळ्या सापडल्या, कित्येक महिन्यांच्या, न घेतलेल्या. मग तिनं दिलेली शेवटची बरणी मी उघडली. चटणीत मिठाचा कणही नव्हता. तिला चवच लागत नव्हती गं... ती शंका नव्हती, ती मला सांगत होती.

रविवारी तू फोनवर विचारायचीस, "मोठी आई, आई बरी आहे ना?" फोन तिच्या हातात न देताच मी "हो" म्हणायची. तीही खूण मीच केली.

बरणी तशीच फळीवर आहे, धुवायला हात धजत नाही. या रविवारी फोन नको, एसटीनं ये. तू कशी आहेस, एवढंच विचारीन, आणि तू बोलेपर्यंत तोंड उघडणार नाही.