भिंगापुढचा हात

आमच्या गावात सिनेमातलं काय दिसावं आणि काय नाही, हे माझा चुलता ठरवायचा. गाव पारनेरच्या बाजूचं. दुष्काळात शेतीला काम उरलं नव्हतं, म्हणून मी फिरत्या तंबू-सिनेमात ऑपरेटरच्या हाताखाली लागलो होतो. तंबूला जागा चुलत्याच्या शब्दावर मिळायची. त्यामुळे नवा सिनेमा आला की दुपारी चहा पीत तो ऑपरेटरला सगळी गोष्ट विचारायचा आणि हात कुठे ठेवायचा ते सांगायचा. खरोखरचा हात. नको तो प्रसंग आला की ऑपरेटरने मशीनच्या भिंगापुढे पंजा धरायचा. पडदा काळा व्हायचा, आवाज तेवढा चालू राहायचा, आणि पुरुषांतून कोणीतरी हमखास म्हणायचं, "आला बघा हात."

त्या उन्हाळ्यातल्या एका सिनेमात म्हातारा जमीनदार रात्री विधवा सुनेच्या दाराची कडी वाजवतो, असा प्रसंग होता. चुलत्याने नेमका तोच झाकायला सांगितला. "असलं दाखवायचं न्हाई. आयाबाया बसत्यात," म्हणाला.

माझा थोरला भाऊ आदल्या वर्षी वारला होता. वहिनी मळ्यातल्या खोलीत एकटी राहायची आणि भावाच्या वाट्याचं रान स्वतः कसायची. तिच्या दाराची कडी रात्री वाजते, हे मला ठाऊक होतं. चुलत्याला तिथून परतताना मी चांदण्यात पाहिलं होतं. दार उघडलेलं नव्हतं, हेही पाहिलं होतं. आणि गप्प बसलो होतो, कारण आमचं घर त्याच्याच विहिरीवर पाणी भरत होतं.

खेळाच्या वेळी ऑपरेटर नेहमीसारखा जनरेटर बघायला बाहेर गेला आणि मशीन माझ्या ताब्यात आलं. प्रसंग सुरू झाला. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. गाव मातीत बसलं होतं, चुलता पुढे खुर्चीवर. त्याने मान वळवून माझ्याकडे बघावं, मला सगळं ठाऊक आहे हे ओळखावं, एवढंच मला हवं होतं. दुपारपासून मी त्या मानेची वाट बघत होतो.

पडद्यावर कडी वाजली. मग मागून कोणीतरी म्हणालं, "ह्यो तर आपल्याच गावचा सिनेमा हाय की."

हशा पिकला. म्हणजे गावालाही ठाऊक होतं.

चुलत्याची मान वळली नाही. बाकीच्या सगळ्या वळल्या, पण त्याच्याकडे नव्हे. दोरीपलीकडे, बायकांच्या बाजूला. तिथे वहिनी होती. ती उठली, पदर पुढे ओढला आणि बायकांमधून वाट काढत निघाली. एकीनेही पाय आवरून घेतले नाहीत.

त्यानंतर पाण्यावर तिच्याशी कोणी बोलेना. तंबू हलायच्या आत ती माहेरी, पाथर्डीकडे निघाली. तिचं गाठोडं घेऊन मी एसटीपर्यंत गेलो. मी चुलत्याची लाज काढायला गेलो होतो, हे तिला सांगितलं.

"कडी माझ्या दाराची हुती, भावजी," ती म्हणाली. "दार म्या लावून धरलं हुतं. मला इचारायचं तरी."

पुढच्या पेरणीला चुलत्याने तिच्या रानात स्वतःची पाभर घातली. तंबू पुन्हा आला तेव्हा तो त्याच खुर्चीवर बसला आणि हात कुठे ठेवायचा ते सांगू लागला.

अमुक विषय सिनेमात नको, असं आज कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. झाका म्हणणारा कोण आहे ते आधी बघा, असं मी सांगतो, आणि ते मला अजूनही खरं वाटतं. कोणाच्या दाराची कडी आपण वाजवून दाखवतोय, हे मात्र मी त्या वादात बोलत नाही.

चुलता मेला तेव्हा मी खांदा दिला नाही. त्याच आठवड्यात पाथर्डीकडे गेलो आणि तो गेल्याचं वहिनीला सांगितलं. वाटलं होतं, तिला बरं वाटेल. मला तर वाटत होतं. तिने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि विचारलं, "रान कोन करतंय आता?"

त्याचीच पोरं करत होती.