आई खुर्चीवर बसली ती दुपार

एम.ए.ला मी सांस्कृतिक अभ्यास हा विषय का घेतला, याचं नीट उत्तर मला आजही देता येत नाही. सांगलीत विश्रामबागच्या कॉलेजात मराठीच्या जागा भरल्या होत्या आणि या विषयाला कुणी येत नव्हतं, एवढंच खरं. घरी सांगितलं तेव्हा फौजेतून निवृत्त झालेले वडील म्हणाले, "सांस्कृतिक म्हंजी गॅदरिंगचं का? दोन वर्सं नाचणार व्हय?" आई हसली नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. मी शिकतेय म्हणजे ते शिकण्यासारखंच असणार, असं तिनं धरून चाललं होतं.

पहिल्या वर्षी मी एका पेपरात नापास झाले. वर्गात सर बोलायचे ते शब्द मला लिहून घेता यायचे, समजायचे नाहीत. फोनवर आईला एवढंच सांगितलं की एक विषय राहिला. तिनं मला न विचारता सिद्धनाथाला शब्द दिला, यंदा उभ्याचं नवरात्र धरते, पोरीला एम.ए.च्या पार लाव.

आमच्या म्हसवडच्या बाजूला दिवाळीच्या पाडव्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत हे नवरात्र धरतात. धरणाऱ्यानं तेवढे दिवस बसायचं नाही, आडवं व्हायचं नाही. आईसाठी वडिलांनी घराच्या पुढच्या सोप्यात छातीच्या उंचीला एक बांबू आडवा बांधला. त्याच्यावर हात टाकून ती उभ्यानंच डुलकी काढायची.

सरांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "लघुप्रबंधाला हाच विषय घे. बघायचं, विचारायचं, लिहायचं. मध्ये पडायचं नाही." म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी आईकडे बघत बसले. बसले, हे लिहितानाही जरा कसंतरी होतं. तिच्या पोटऱ्या टणक झाल्या, जोडवी बोटांत रुतली, ती साबण लावून काढावी लागली. मी वहीत लिहिलं, 'पायांना सूज.' एकदा राहवलं नाही.

"आई, बस गं. मी करीन अभ्यास."

"तुजा तू कर. माजा मी करती."

नवरात्र अर्ध्यावर आलं असताना सर स्वतः बघायला आले. आमच्या घरी प्राध्यापक येणार म्हणून वडिलांनी शेजारच्या घरून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. एक सरांना, एक त्यांची पिशवी ठेवायला. मी चहा टाकायला आत गेले. बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं. सर गाव, शेत, पाणी विचारत होते, आई उभ्यानं उत्तरं देत होती. मग पिशवी उचलल्याचा आवाज आला आणि सर म्हणाले, "मावशी, बसा की. तुम्ही उभ्या, मी बसलोय, बरं दिसत नाही."

मी कप घेऊन बाहेर आले तर आई खुर्चीवर बसली होती. हात मांडीवर, पाठ ताठ. चौथीत शाळा सुटलेल्या माझ्या आईनं गुरुजींचं म्हणणं कधी मोडलं नव्हतं. ऊठ म्हटलं की उठायचं, बस म्हटलं की बसायचं. तिला खुर्चीवर बसा असं म्हणणारे हे पहिलेच सर.

माझ्याकडे बघितल्यावर तिला कळलं. सरांना त्याच्यानंतर.

"अरे देवा. मावशी, माझ्या तोंडून सहज गेलं हो. माहीत असून..."

"आसूं द्या सर," आई उठत म्हणाली. "तुमी चा घ्या. निवतूय."

सर फार थांबले नाहीत. ते गेल्यावर वडील सोप्यातून अंगणात गेले. आई पुन्हा बांबूला जाऊन टेकली. मी म्हटलं, "आता कशाला?" ती म्हणाली, "मोडलं तरी पुरं करावं लागतंय. त्येचं फळ न्हाई, एवढंच." तुळशीच्या लग्नापर्यंत ती उभी राहिली.

सांगलीला परतल्यावर सर म्हणाले, ही घटना प्रबंधात आलीच पाहिजे, खरा मुद्दा तिच्यातच आहे. मी लिहिली. नावं गाळली, आईला 'माहितीदार' म्हटलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी त्याच पानावर जास्त प्रश्न विचारले. सर खाली बघत होते. मी अडखळत उत्तरं दिली.

निकाल लागला. राहिलेला पेपरही सुटला होता आणि प्रबंधाला वर्गातले सगळ्यांत चांगले गुण होते. मी घरी फोन केला. वडील 'शाब्बास' म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

ती हळू आवाजात म्हणाली, "सरांच्या मनाला लागलं आसंल बग. म्हनून केलं पास."

"तसं नसतं गं आई. पेपर दुसरे लोक तपासतात."

"व्हय," ती म्हणाली. "पन प्रबंधाचं सरांच्याच हातात व्हतं न्हवं?"

ते खरं होतं, बाहेरच्या बाईंकडे फक्त तोंडीचे गुण होते. निकाल बघितल्यापासून तोच विचार माझ्याही मनात होता. तिनं विचारलं जेवलीस का, मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.