चाकानं बदललेली रजा

पुण्यात पत्रकं लिहून माझा हात तयार झाला, तो दुसऱ्यांना झोडपत. हे स्वतःविरुद्ध लिहितोय.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आखातात, मिरकाबच्या एका कंपनीत मी वेबसाइटची कामं करायचो. महबूल्यात कामगारांच्या इमारतीत खाली एक कॉम्प्युटर ठेवलेला, रजेचा अर्ज त्यावरच भरायचा. तो फॉर्म माझा. आता साहेबांच्या मागे कागद घेऊन फिरायला नको, म्हणून मी मिरवत होतो. रजेच्या प्रकारासाठी ड्रॉपडाऊन, म्हणजे दाबल्यावर उघडणारी यादी. 'तातडीची' सगळ्यात वर, पटकन सापडावी म्हणून. मग 'आजारपण'. खाली 'वार्षिक'. तातडीच्या अर्जाला कंपनीनं ठेवून घेतलेला पासपोर्ट त्याच दिवशी हातात मिळायचा. वार्षिक महिनाअखेरीपर्यंत पडून.

कोकणातले एक सुतारकाका होते. त्यांची आई अंथरुणाला खिळली, त्यांनी अर्ज भरला. रोज विचारायचे. "कॉम्प्युटरात गेलंय, थांबा," असं ऑफिसातून उत्तर. नवव्या दिवशी आई गेल्याचा फोन आला.

"मी तातडीचीच टाकलेली. माका आठवता," ते म्हणाले.

मी रेकॉर्ड काढलं. वार्षिक. "काका, तुम्हीच चुकीचं दाबलंत." आदल्या दिवशी आई गेलेल्या माणसाला मी हे म्हणालो.

महिन्याभरानं तोच फॉर्म तपासत होतो. 'तातडीची' निवडली आणि खालच्या 'पाठवा' बटणाकडे जायला माउसचं चाक फिरवलं. पान हललंच नाही. यादी मिटलेली होती, पण निवड सरकत सरकत 'वार्षिक'वर जाऊन थांबली. बटण पडद्यावर मावणार नाही इतकं खाली ठेवणारा मीच. तिथं पोचायला प्रत्येक जण चाकच फिरवणार.

साहेबांना दाखवलं. "अरे, लोक बघून नाही का भरत? युजरची चूक लिही आणि सोड."

"तुमची आई असती तर?" मी ओरडलो. ड्रॉपडाऊन काढून तीन पर्याय उघडे मांडले, बटण वर घेतलं. अर्ध्या तासाचं काम. हे आधी का केलं नाही? ड्रॉपडाऊन नीटनेटका दिसायचा, एवढंच.

संध्याकाळी काकांच्या खोलीवर गेलो, सगळं सांगितलं. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे माझी चूक नव्हती?"

"नव्हती."

"नक्की ना?" त्यांनी पुन्हा विचारलं. मग म्हणाले, "भावाक सांगशील? तो माझ्याशी बोलत नाय. म्हणता, मुद्दामच येऊक नाय."

मी गावी फोन लावला. चाक, यादी, बटण. भावानं सगळं ऐकून घेतलं. माझं संपल्यावर म्हणाला, "आवस मरेपर्यंत रोज विचारी, तो निघालो काय?"

काका माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.