रिकाम्या खुर्चीची विचारपूस

वीज वाचवायच्या कायद्याचं परिपत्रक हिंदी मुलखातल्या नव्या राजधानीतल्या आमच्या ऑफिसात भिंतीवरच राहिलं. शेजारच्या टेबलावरच्या बाई मात्र रिकाम्या खुर्चीवर पंखा फिरताना दिसला की खुर्चीलाच हात जोडत. "भैया, हवा बराबर लागून राहिली ना?" मग बटण बंद. आम्ही नुसते हसायचो.

एकदा साहेबांच्या रिकाम्या केबिनमध्ये एसी चालू होता. बाई आत शिरल्या. "साहेब, थंडी वाजून राहिली असन तर शाल आणू का?" मागे दारात साहेबच उभे! साहेबांनी एसी बंद केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही चहा पिऊन परतलो, तर साहेब आमच्या खुर्च्यांपुढे हात जोडून उभे. "क्यों भैया, हवा ठीक लग रही है न?"

आम्ही बटणाकडे धावलो. बाई जागेवरूनच म्हणाल्या, "हव साहेब, आता तुमीच विचारत जा."