एका ठरावासाठी हिंडणारे वानखडे सर

मास्तर माणसाजवळ दोन गोष्टी साचतच जातात, जुने पेपर अन् किस्से. पेपर रद्दीत तरी जातात, किस्से मात्र सांगावे तेवढे वाढतात! माझ्याजवळचे निम्मे तर एकट्या वानखडे सरांचे.

सत्तरच्या दशकात कारंज्याच्या एका कॉलेजात आम्ही दोघं राज्यशास्त्र शिकवायचो. सरांची पीएच.डी. एकाच प्रश्नावर अडली होती. पंचायतीत राखीव जागेवर निवडून आलेल्या माणसाचं कोणी ऐकते का? गाइडनं निर्वाणीचं सांगितलं होतं, "राखीव सदस्यानं मांडलेला अन् पास झालेला एक तरी ठराव दाखवा. नाहीतर प्रबंध विसरा!" झालं! दोन वर्षं सर एसटीनं गावोगाव हिंडले, अन् मी पिशवी धरून मागं.

*

कामरगावकडच्या एका म्हाताऱ्याले सरांनी विचारलं, "बाबा, तुमचं मत कोणी घेते का?"

"घेते ना! पाच वर्सातून एकदा घेऊन जाते. वापस आणून देत नाई!"

*

एका गावी पाटलांनी ओसरीवर बसवलं अन् हळूच विचारलं, "वानखडे म्हणजे... कोणते वानखडे?"

"राज्यशास्त्राचे!" सर म्हणाले.

मंग पाहुण्याले कोणत्या कपात चहा द्यावा, यावर घरात एवढी चर्चा झाली की चहा थंडच आला. मी चिडलो. सर एसटीत बसल्यावर म्हणतात, "सार्वजनिक धोरण ठरायले वेळ लागतेच, लेका!"

*

इंझोरीच्या पुढच्या एका गावात सर पन्नास प्रश्नावल्या सरपंचाजवळ ठेवून आले, लोकांकडून भरून घ्या म्हणून. आठ दिवसांनी गेलो तर गठ्ठा तयार! पन्नासही उत्तरं सारखी, अक्षरही एकच.

"हे कोणी भरलं?"

"मीच! लोकांले कायले तरास? त्यायच्या मनातलं मले समदं ठाऊक हाय!"

सर हसून हसून खाली बसले. मले मात्र लय राग आला. त्या पन्नास प्रती सायक्लोस्टाइलच्या मशीनवर मी काढल्या होत्या ना!

*

त्याच गावात गंगाबाई होती, बायांच्या राखीव जागेवरची सदस्य, बौद्ध वस्तीतली. वस्तीत विहीर नव्हती, बाया ओढ्याचं पाणी आणत. अन् पंचायतीची सभा कधी भरतच नसे. शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरे, अंगठे घेई, झाली सभा!

मे महिन्यात आम्ही बाईच्या अंगणात बसलो असताना शिपाई आला. "अंगठा द्या, बाई."

गंगाबाईनं रजिस्टर घेतलं, खाली ठेवलं अन् सरळ त्यावर बसली! "सभा घ्या म्हना. इथंच!"

तासाभरात सरपंच आला, ग्रामसेवक आला, सारे सदस्य आले. रजिस्टर मागून मागून सरपंचाचा घसा सुकला. "बाई, निदान पानी तरी पाजा!"

बाईनं रिकामी घागर त्याच्यापुढं सरकवली. "पानी ओढ्यात हाय, दादा. अर्धा कोस. जा, घेऊन या!"

सरपंचानं घागरीकडं पाहिलं, उन्हाकडं पाहिलं. "ग्रामसेवक, बाईचा ठराव लिवा! बाईच्या वस्तीले ईर!"

"लिवतो ना साहेब, पन बाईले उठा म्हना!"

गंगाबाई जागची हलली नाही. "पयले सारे हात वर करा. मंग उठते."

भर उन्हात सगळे हात वर झाले. त्यात एक वानखडे सरांचाही होता!